बोटीचा ट्रेलर साठच्या पुढे डोलतो, दुरुस्त केला तरी परत डोलतो

तक्रार नेहमी एकाच साच्याची असते. गावात, धरणापर्यंतच्या कच्च्या रस्त्यावर ट्रेलर शहाण्यासारखा मागे येतो. हायवेला लागलं, काटा पंचावन्न-साठच्या पुढे सरकला, शेजारून एखादा कंटेनर सुसाट निघून गेला की ट्रेलरचं बूड हलायला लागतं. आधी थोडं, मग गाडीसकट सगळंच डावं-उजवं. "भाऊ, ट्रेलर डुली राह्यना" असा फोन येतो. मग हिच (गाडीच्या मागची ट्रेलर जोडायची कडी) बदलली जाते, तिच्यावरचा बॉल म्हणजे गोळा नवा येतो, कोणी स्टेपनी काढून दुसरे टायर टाकतं. एखादी फेरी बरी जाते आणि पुढच्या वेळी परत तेच.

आपल्याकडे खानदेशात बोट ओढणारे तसे मोजकेच. नवापूरकडे उकाईच्या बॅकवॉटरवर मासेमारी करणारे, हतनूर आणि गिरणा धरणावरचे, प्रकाशा-सारंगखेड्याच्या बॅरेजवरचे, आणि अलीकडे हौसेखातर बोट घेतलेले काही जण. बहुतेकांची फायबरची बोट कोकणातून किंवा गुजरातच्या किनाऱ्यावरून येते. म्हणजे एक तर मुंबई-आग्रा महामार्गाने कसारा घाट चढून, नाहीतर सुरतकडून कोंडाईबारीचा घाट चढून. पहिलाच प्रवास तीन-चारशे किलोमीटरचा, आणि ट्रेलर बहुधा गावातच, ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून करून घेतलेला. ट्रॅक्टरला जोडला तेव्हा तो कधी डोलला नव्हता, म्हणून मालकाची खात्री असते की ट्रेलर चांगला आहे, दोष बोलेरोतच आहे. ट्रॅक्टर पंचवीस-तीसने चालतो. त्या वेगाला ट्रेलरचं हलणं आपोआप विरून जातं. वेग वाढतो तसं ते विरेनासं होतं, आणि एका मर्यादेनंतर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. दोष ट्रेलरमध्ये आधीपासून होता, ट्रॅक्टरने तो उघडा पाडला नाही इतकंच.

हा दोष शंभरातल्या बहुतेक वेळा हिचमध्ये नसतो. वजनात असतो. बैलगाडीत मागे जास्त भरलं की जू वर उचलतं आणि गाडी उलाळ होते, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बोटीचा ट्रेलर जन्मजात उलाळ व्हायला बसलेला असतो, कारण बोटीचं सगळ्यात जड सामान तिच्या शेपटीला आहे: मशीन (बोटीचं इंजिन), पेट्रोलची टाकी, बॅटरी. वर आपण बर्फाची पेटी आणि जाळी पण मागेच टाकतो, कारण तिथे सपाट जागा असते आणि उतरवायला सोपं पडतं. ट्रॉली बनवणाऱ्याने एक्सल चेसिसच्या मधोमध बसवलेला असेल तर मग विचारायलाच नको.

आधी मोजा

ट्रेलरचा दांडा गाडीच्या बॉलवर किती वजन टाकतो, हा आकडा माहीत नसेल तर पुढची सगळी चर्चा हवेत आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास भार दांड्यावर हवा. मशीन मागे असल्याने बोटीच्या ट्रेलरला ७-८ टक्क्यांवरही चालून जातं. ५ च्या खाली आलं की डोलण्याला निमंत्रण. १५ च्या वर नेऊ नका, कारण मग गाडीचं मागचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागतं आणि रात्री तुमचे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

मोजायला घरातला माणसं मोजायचा काटा पुरतो, तो बहुधा दीडशे किलोपर्यंत घेतो. ट्रेलर सपाट जागेवर उभा करा, चाकांना दगड लावा, गाडीपासून सोडवा. काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून दांड्याचं तोंड त्यावर टेकवा, पण उंची अशी ठेवा की बॉलवर असताना जितका दांडा वर असतो तितकाच इथेही राहील. दांडा खाली-वर झाला तर आकडा बदलतो. बोट प्रवासाला निघते तशी पूर्ण भरलेली असली पाहिजे. रिकाम्या बोटीचं माप घेऊन समाधान मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचेच ट्रेलर डोलतात.

एकूण वजन मात्र भुईकाट्यावर करून घ्या. जिनिंगवाल्यांकडे, केळीच्या व्यापाऱ्यांकडे काटा असतोच, पन्नास-शंभर रुपयांत पावती मिळते. दांड्याचा भारही तिथे काढता येतो, म्हणजे सुटा ट्रेलर आणि जोडलेला ट्रेलर यातला फरक. पण हे काटे पाच-दहा किलोच्या टप्प्याने मोजतात, ऐंशी किलोच्या मापाला ते ढोबळ पडतं. त्यासाठी घरचाच काटा बरा.

एक हिशेब करून बघू. ट्रेलर २८० किलो, बोट ४००, दोन स्ट्रोकचं ४० एचपीचं मशीन ७५, पन्नास लिटर पेट्रोल ३७ (पेट्रोलचा लिटर पाऊण किलोच्या आसपास भरतो), बर्फाची पेटी ४०, जाळी वगैरे २०. झाले साधारण ८५०. दांड्यावर ८५ किलो हवेत आणि काटा दाखवतो ३५. म्हणजे ४ टक्के. हा ट्रेलर साठला डोलणारच.

आता पेटी एक्सलच्या मागे दीड मीटरवर आहे असं धरू, आणि एक्सलपासून बॉल चार मीटर. पेटी उचलून एक्सलच्या पुढे एक मीटरवर ठेवली तर ती अडीच मीटर सरकली. चाळीस गुणिले अडीच भागिले चार, दांड्यावर २५ किलो वाढले. तेवढंच अंतर पेट्रोलच्या टाक्या पुढे नेल्या तर आणखी २३. पस्तीसचे त्र्याऐंशी झाले, एक रुपया खर्च न करता. नवीन हिचची किंमत आठवून हा हिशेब परत वाचावा. पेट्रोल तर मुक्कामाच्या गावात भरता आलं तर तिथेच भरा, भरलेल्या टाक्या बोटीत घालून तीनशे किलोमीटर उन्हातून नेण्यात कसलंच शहाणपण नाही.

सामान हलवूनही पुरलं नाही तर बोटच पुढे घ्या. पुढचा विंचचा (बोट ओढून घ्यायच्या चरकाचा) खांब यू-बोल्टवर असतो, म्हणजे सैल करून सरकवता येतो; तो दहा सेंटिमीटर पुढे सरकवला तर वरच्या हिशेबातली बोट आणि मशीन मिळून दांड्यावर बारा-एक किलो घालतात. वळणावर बोटीचं नाक गाडीच्या मागच्या दाराला लागत नाही ना, तेवढं बघा. बोट मागे सरकवायची पाळी आली तर मात्र सांभाळून, तिचा मागचा फळा खालच्या लाकडी आधारांच्या बाहेर लोंबकळता कामा नये. तिथे मशीनचं वजन असतं आणि खड्ड्यात फायबरचा तळ वाकतो.

शेवटचा उपाय एक्सल मागे घेण्याचा. तो यू-बोल्टवर असेल तर अर्ध्या दिवसाचं काम आहे. वेल्डिंग केलेला असेल तर कापून परत जोडताना माप चुकून एक्सल तिरका बसतो आणि मग ट्रेलर डोलत नाही, पण कुत्र्यासारखा तिरपा चालतो. दोन्ही चाकांपासून बॉलच्या मध्यापर्यंत टेपने माप घ्या, दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे.

मग परत का डोलतो

कारण वजन प्रत्येक फेरीला वेगळं असतं. जाताना पेटी रिकामी, येताना बर्फ आणि मासे. जाताना बोट कोरडी, येताना तळात पाणी. पाण्याला कोणी वजनात धरतच नाही. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद जागेत दहा सेंटिमीटर पाणी साठलं तर ते तीनशे लिटर, म्हणजे तीनशे किलो झालं. ते पाणी चढाला सरळ मागच्या फळ्याशी जाऊन बसतं, उताराला पुढे धावतं, वळणावर बाजूला. म्हणून पाण्याबाहेर आली की बोटीच्या तळाचं, पाणी सोडायचं बुच काढायचं आणि प्रवासभर काढलेलंच ठेवायचं, पावसाळ्यात तर नक्कीच. बुच किल्लीच्या जुडग्याला बांधा, म्हणजे पाण्यात उतरवण्याआधी आठवेल. जुन्या बोटीत तळाच्या फळीखालचा फोम पाणी पितो आणि ते बुचातून येत नाही. बोट दरवर्षी जड होते आहे असं वाटत असेल तर भुईकाट्यावरची जुनी पावती शोधा.

दुसरं कारण पट्टे. विंचचा पट्टा बोट ट्रेलरवर ओढायला असतो, धरून ठेवायला नाही. बरेच जण त्याच्या एकट्याच्या जिवावर निघतात. मग कोंडाईबारीच्या चढाला बोट बोटभर, दोन बोटं मागे सरकते, आणि तुम्ही घरी मोजलेला दांड्याचा भार तिथेच बदलतो. बोटीच्या नाकाच्या कडीतून ट्रेलरला वेगळी साखळी हवी. मागच्या दोन कड्यांना दोन रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे) हवेत, खाली आणि किंचित पुढे ओढणारे. एकच लांब पट्टा बोटीवरून आडवा टाकून दोन्हीकडे बांधला तर तो बोट खाली दाबतो, मागे जाण्यापासून अडवत नाही.

दोरखंडाचा मोह टाळा. नायलॉन ओला झाला की ताणतो. निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात कडक होते, बाहेरून धड दिसते आणि पिळली की भुगा पडतो. पॉलिएस्टरचे पट्टे घ्या, आणि तेही निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून परत आवळा, कारण बोट बसते आणि पट्टा ढिला पडतोच. धुळ्याहून सुरतकडे निघालात तर कुसुंब्याला चहाला थांबता तेव्हा एक माणूस पट्ट्यांकडे पाठवा. पट्टा वाऱ्याने गुणगुणत असेल तर त्याला एक पीळ द्या, आवाज बंद होतो आणि कडा झिजत नाहीत.

मशीन उताणं करून नुसत्या त्याच्या खटक्यावर ठेवू नका. प्रत्येक खड्ड्याला त्याचा झोल मागच्या फळ्यावर बसतो. मशीनच्या पायापासून ट्रेलरपर्यंत आधाराची दांडी लावा. मशीन पंधरा-वीस एचपीचं असेल तर सरळ काढून गाडीत ठेवलेलं उत्तम, दांड्याचा भारही सुधारतो.

हवा, आणि उन्हाळ्यात हवा कमी ठेवायचा सल्ला

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो आणि प्रत्येक पंक्चरवाला सांगतो, "ऊन आहे, दोन-चार पॉइंट कमीच राहू द्या." ट्रेलरच्या बाबतीत हा सल्ला उलटा आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त वाकला की जास्त तापतो, आणि तापूनच फुटतो. शिवाय त्याच्या बाजू लिबलिबीत झाल्या की ट्रेलर डोलायला आणखी मोकळा होतो. सकाळी २८ अंशाला, टायर थंड असताना ३६ पीएसआय भरलं असेल तर टायर साठ अंशांपर्यंत तापल्यावर ते ४१-४२ दाखवेल. टायर बनवणाऱ्याने हे धरलेलं असतं. दुपारी तापलेल्या टायरमधून हवा सोडू नका. गाडीच्या मागच्या टायरांनाही हेच लागू, ते मऊ असले तरी ट्रेलर गाडीला हलवतो.

ट्रेलरचे टायर झिजून बाद होत नाहीत, उभे राहून बाद होतात. नक्षी नवी कोरी आणि बाजूला बारीक चिरा, हे नेहमीचं चित्र. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर लांबच्या प्रवासाला तो टायर नको.

हिचकडे आता बघा

एवढं झाल्यावरही डोलत असेल तर हिच. ५० मिलिमीटरचा बॉल आणि २ इंचाचा बॉल (५०.८) डोळ्यांना सारखेच दिसतात, कपलर (दांड्याचं बॉलवर बसणारं तोंड) मात्र एकाच मापाचा असतो. बॉलवर आकडा कोरलेला असतो, जुळवून घ्या. लॉक नीट बसला की नाही ते बघायची सोपी रीत म्हणजे जोडल्यावर दांड्याखाली जॅक लावून उचला. गाडीचं बूड सोबत वर आलं तर लॉक बसला. दांडा एकटाच सुटून वर आला तर बरं झालं, घरीच कळलं. सुरक्षा साखळ्या दोन, आणि दांड्याखालून फुली मारून बांधायच्या, म्हणजे बॉल सुटला तरी दांडा त्या फुलीवर अडकतो, डांबरात घुसत नाही. त्या वळायला पुरतील इतक्या सैल हव्यात, जमिनीला घासतील इतक्या नाहीत.

आणि गाडीची ओढायची क्षमता तिच्या पुस्तकात बघा, शोरूममध्ये विचारू नका. ट्रेलरची आरटीओत स्वतंत्र नोंदणी लागते, हेही पुष्कळांना अडवल्यावर कळतं.

रस्त्यात डोलायला लागला तर

ब्रेक नाही. हे लिहायला सोपं आणि करायला फार अवघड आहे, कारण पाय आपोआप ब्रेकवर जातो. आपल्या ट्रेलरना स्वतःचे ब्रेक नसतात. गाडी दाबली की मागचं आठशे किलो तिला ढकलतं आणि हेलकावा वाढतो. वेग वाढवून "सरळ करून घ्यायचा" प्रयत्न त्याहून वाईट. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरा, हेलकाव्याच्या उलट फिरवत बसू नका. वेग उतरला की डोलणं आपण होऊन थांबतं. मग बाजूला घेऊन पट्टे, टायर, बोट सरकली का ते पाहा आणि सामान पुढे घ्या. नुसता दम खाऊन परत साठने निघाल्यास पुढच्या कंटेनरला परत तेच.

जागाही माहीत असाव्यात. साक्री-दहिवेलच्या पट्ट्यात वारा आडवा येतो, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या नाहीत. बोटीची बाजू म्हणजे वाऱ्याला मोठी भिंत, तिथे पन्नासच्या आत राहा. पुढे कोंडाईबारी उतरताना विसरवाडीपर्यंत गिअर खालचा ठेवा, आणि तो उतार लागण्याआधी टाका. उतारावर ट्रेलर गाडीला रेटत असतो, त्यामुळे सपाटीवर साठला डोलणारा ट्रेलर इथे चाळिसातच सुरू होतो. मुंबई-आग्रावर चांदवडजवळच्या राहुड घाटात तेच. तळोद्याहून धडगावकडे चांदसैली घाटातून ट्रेलर न्यायचा विचार असेल तर नेऊ नका, त्या वळणांवर मागची चाकं आत कापतात आणि समोरून जीप आली की ट्रेलर मागे घ्यायला जागा नाही.

बेअरिंग

डोलण्याशी याचा संबंध थोडाच, पण लांबच्या प्रवासात ट्रेलर रस्त्याच्या कडेला पडलेला दिसला तर कारण बहुधा हेच. बोटीच्या ट्रेलरची चाकं पाण्यात बुडतात. तीन तास चालून हब (चाकाचा मधला, बेअरिंग असलेला भाग) तापलेला असतो, तो तसाच धरणाच्या थंड पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंग गंजतं, आणि ते कळतं पुढच्या प्रवासात. म्हणून काठावर पोहोचल्यावर अर्धा तास थांबा, हब गार होऊ द्या.

प्रत्येक थांब्यावर हबवर हात ठेवा. कोमट चालेल, हात ठेवून राहता येत नसेल तर पुढे जाऊ नका. घरी चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खटखट लागली तर नट सैल आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. ग्रीस पाण्यात टिकणारं, बोटीसाठी म्हणून मिळणारं घ्या. ग्रीस भरलेला एक जादा हब, बेअरिंगसकट, गाडीत टाकून ठेवा. रविवारी संध्याकाळी साक्रीत तुमच्या मापाचं बेअरिंग मिळणार नाही.

दिव्यांबद्दल इतकंच की अर्थिंगची वेगळी तार प्लगमधून ओढा. बॉलमधून मिळणारं अर्थिंग ग्रीस आणि गंजाने तुटतं, आणि मग इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट मिणमिणतो. आणि पाण्यात उतरवण्याआधी प्लग काढा, तापलेला बल्ब थंड पाण्यात तडकतो.

उतरवताना मागचे दोन पट्टे सपाट जागेवरच सोडा आणि बुच लावा. नाकाची साखळी आणि विंच मात्र बोटीचं शेपूट तरंगेपर्यंत सोडायची नाही. धरणाचा काठ उतरता असतो, शेवाळ असतं, आणि फायबरची बोट ओल्या आधारावरून कुणाची वाट न पाहता घसरते.